बादली कशाची होती?

गोदावरीला पूर आला की नाशिककर आधी विचारतात, "दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं पाणी?" गुडघे, कंबर, छाती. वडीलधाऱ्यांनी पाहिलेला पूर आणि यंदाचा पूर ताडून पाहता येतो, कारण नदीपात्रातली मारुतीची ही उंच मूर्ती तीच आणि तिथेच आहे.

हा पाऊस घेऊन येणारे ढग अरबी समुद्रावरून येतात. त्या समुद्राचं पाणी शंभर वर्षांपूर्वी किती गरम होतं? तिथे मारुती नव्हता, बादली होती.

खलाशी दोरीला बांधलेली बादली समुद्रात सोडत, वर ओढत आणि थर्मामीटर बुडवून आकडा वहीत लिहीत. बादल्या आधी लाकडी होत्या, पुढे बऱ्याचशा कॅनव्हासच्या आल्या. कॅनव्हास पाझरतो. वाऱ्यावर पाणी उडून जातं आणि माठातल्यासारखं आतलं पाणी गार होतं. त्यामुळे आकडा काही दशांश अंशांनी कमी भरायचा. पुढे इंजिन थंड करायला आत घेतलेल्या पाण्याचं तापमान मोजू लागले, तर इंजिनखोलीच्या उबेने तो थोडा जास्त येऊ लागला.

दुसऱ्या महायुद्धात रात्री डेकवर दिवा दाखवणं धोक्याचं होतं, म्हणून मोजणी बरीचशी इंजिनखोलीत गेली. १९४५ नंतर बादलीने मोजणाऱ्या ब्रिटिश जहाजांच्या नोंदी पुन्हा वाढल्या आणि जगभरचे समुद्र एकाएकी थंड झाल्यासारखे आलेखात दिसू लागले. समुद्र होता तसाच होता, मोजायची रीत बदलली होती. अनेक दशकांची तापमानवाढही दशांशांतच मोजायची असते, म्हणून बादली कशाची होती हे शोधण्यात शास्त्रज्ञांनी वर्षं घातली. मला हे काम नव्या शोधाइतकंच मोलाचं वाटतं.

समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूच्या नोंदींचं नशीब बरं. 'मबाहिस' या इजिप्शियन जहाजाने १९३३-३४ मध्ये अरबी समुद्र पालथा घातला. साधारण १५० ते १००० मीटर खोलीच्या थरात प्राणवायू फारच कमी आहे, हे त्या मोहिमेत ठळकपणे दिसलं. प्राणवायू मोजायची विंकलरची रासायनिक पद्धत १८८८ची, आणि मुळात तीच आजही वापरात आहे.

आता अर्गो नावाचे तरंगते यंत्रमानव दर दहा दिवसांनी २००० मीटरपर्यंत बुडी मारून वर येतात आणि तापमान व क्षारता उपग्रहाला कळवतात. त्यांचे क्षारता मोजणारे संवेदक मात्र काही वर्षांनी चुकू शकतात. तेव्हा आकडे ताडायला जहाजावरून बाटलीत भरून आणलेलं पाणीच कामी येतं.