पार्श्वभूमी : ताऱ्याला खेटलेले गुरू आणि ‘किमान’ या शब्दाचा गुंता

दूरच्या ताऱ्यांना अगदी खेटून फिरणाऱ्या महाकाय ग्रहांना आता ‘तप्त गुरू’ म्हटले जाते. गुरूएवढा वायुगोल आणि दहा दिवसांच्या आत पुरी होणारी प्रदक्षिणा, अशी ढोबळ ओळख. ही कल्पना १९९५ मध्ये अचानक पुढे आली असा समज आहे, तो बरोबर नाही. १९५२ मध्ये एका खगोलशास्त्रज्ञाने दोन पानांच्या टिपणात लिहून ठेवले होते की, ताऱ्याभोवती एका दिवसात फेरी मारणारा गुरूसारखा ग्रह असायला हरकत नाही. असा ग्रह त्याच्या ओढीने होणाऱ्या ताऱ्याच्या डोलण्यावरून सापडेल, आणि तो ताऱ्यासमोरून गेला तर ताऱ्याचा प्रकाश किंचित घटेल, हेही त्यात होते. पुढे ज्या दोन पद्धतींनी हे क्षेत्र उभे राहिले, त्या दोन्ही त्या टिपणात आहेत. चाळीस वर्षे त्याकडे कोणी फारसे वळले नाही.

याचे कारण म्हणून उपकरणांच्या मर्यादा सांगितल्या जातात. माझ्या मते ते अर्धेच खरे आहे. आपला गुरू सूर्याला सेकंदाला साधारण १२.५ मीटर वेगाने डोलवतो आणि त्याला एका फेरीला बारा वर्षे लागतात. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर हाच नमुना होता, कारण महाकाय ग्रह ताऱ्यापासून लांब, बर्फ टिकते अशा थंड प्रदेशातच घडतात असे सिद्धान्त सांगत होता. कॅनडातल्या एका गटाने पुरेशा अचूकतेने २१ ताऱ्यांवर बारा वर्षे नजर ठेवली आणि १९९५ मध्ये हाती गुरू लागला नाही असे जाहीर केले. त्यांचे काम उत्तम होते, पण तारे थोडे होते. शंभर सूर्यासारख्या ताऱ्यांत जेमतेम एखाद्याभोवतीच तप्त गुरू असतो, हे तेव्हा कोणाला माहीत असणार? अमेरिकेतला दुसरा गट दीर्घ मुदतीचे ग्रह शोधत होता आणि त्याच्याकडे वर्षानुवर्षांची मोजमापे विश्लेषणाविना साठली होती.

शोध लागला तो दक्षिण फ्रान्समधल्या १.९३ मीटरच्या दुर्बिणीवर. भाद्रपदांच्या चौकोनाच्या पश्चिम कडेला लागून असलेला ५१ पेगासी हा तारा ४.२ दिवसांच्या ठेक्यात, सेकंदाला सुमारे ५६ मीटर वेगाने डोलत होता. जानेवारी १९९५ पर्यंत हा ठेका दोन स्विस संशोधकांच्या लक्षात आला. पण तारा लवकरच सूर्याआड जाणार होता. त्यांनी घाईने जाहीर केले नाही. जुलैमध्ये तारा परत दिसू लागला तेव्हा तो आधी काढलेल्या वेळापत्रकानुसारच डोलतो आहे याची खात्री केली आणि ऑक्टोबरमध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेत सांगितले. ग्रह ताऱ्यापासून ८० लाख किलोमीटरच्याही आत होता. आपला बुध सूर्यापासून सरासरी ५.८ कोटी किलोमीटरवर आहे. कॅलिफोर्नियातल्या त्या गटाने काही दिवसांतच दुजोरा दिला, आणि मग स्वतःची साठलेली मोजमापे उपसली तेव्हा त्यातून आणखी ग्रह निघाले.

तरीही सगळ्यांना हे पटले नव्हते. १९९७ मध्ये आक्षेप आला की ताऱ्याचे पृष्ठभागच स्पंदन पावत असेल आणि ग्रह हा भास असेल. पुढच्या वर्षी आक्षेप घेणाऱ्यानेच नव्या निरीक्षणांनंतर तो मागे घेतला.

मोठा गुंता वेगळाच आहे. ग्रहांच्या याद्यांत वस्तुमानाआधी ‘किमान’ हा शब्द येतो आणि वाचताना तो गळून पडतो. ताऱ्याचे डोलणे त्याच्या प्रकाशाच्या वर्णपटातून मोजतात, आणि त्यातून तारा आपल्या दिशेने किती वेगाने येतो-जातो एवढेच कळते. कक्षा कडेने दिसत असेल तर हा वेग पूर्ण मिळतो. ताटाकडे वरून पाहावे तशी ती दिसत असेल तर बराचसा वेग आडवा जातो आणि अवजड वस्तूही हलकी भासते. १९८९ मध्येच एका ताऱ्याभोवती ८४ दिवसांत फिरणारी, किमान ११ गुरूंएवढ्या वस्तुमानाची वस्तू सापडली होती. शोधकांनी तिला ग्रह न म्हणता बहुधा तपकिरी बटू, म्हणजे ग्रहाहून जड पण ताऱ्यासारखा पेटू न शकलेला गोळा, म्हटले. या सावधपणामुळे ‘पहिला’ हा मान हुकला, अशी हळहळ नंतर अनेकांनी व्यक्त केली. अवकाशातून ताऱ्यांच्या जागा अतिसूक्ष्म मोजल्या गेल्यावर उलगडा झाला: ती कक्षा आपल्याला जवळजवळ वरून दिसते, आणि ती वस्तू गुरूच्या शंभरपटीहून जड, म्हणजे चक्क छोटा तारा आहे. तीस वर्षांनी त्या सावधपणालाच न्याय मिळाला.

ग्रह आणि तपकिरी बटू यांच्यातली रेषा १३ गुरूंवर ओढण्याचा निर्णय या शतकाच्या सुरुवातीचा. त्याहून जड वस्तूच्या गाभ्यात ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) जळू शकते, हा आधार. मला हा निर्णय कधीच पटला नाही. वस्तू ताऱ्याभोवतीच्या वायू-धुळीच्या तबकडीत घडली की वायूचा ढग कोसळून, याबद्दल ही रेषा काहीच सांगत नाही. एका मोठ्या यादीने मर्यादा ३० गुरूंपर्यंत नेली, दुसरीने ६० पर्यंत. म्हणून ग्रहांची एकूण संख्या यादीगणिक बदलते. २०२३ मध्ये माउंट अबूच्या निरीक्षणांतून सव्वासात दिवसांत फेरी मारणारी एक वस्तू जाहीर झाली. तिचे वस्तुमान साधारण १३ गुरू, म्हणजे नेमके रेषेवर.

‘किमान’ काढून टाकण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे अधिक्रमण, म्हणजेच ग्रहाचे ताऱ्यासमोरून जाणे. १९९९ मध्ये एचडी २०९४५८ या ताऱ्याचा प्रकाश दर साडेतीन दिवसांनी दीड टक्क्याने घटताना दिसला. कक्षेचा कल कळला, वस्तुमान पक्के झाले, त्रिज्याही मिळाली. ग्रह गुरूहून हलका पण आकाराने मोठा, म्हणजे निःसंशय वायूचा. ‘स्पंदन की ग्रह’ हा वाद तिथेच संपला. पुढे हजारो ताऱ्यांवर एकदम नजर ठेवणारे छोटे कॅमेरे आणि अवकाश दुर्बिणी आल्या, आणि दिवसाहूनही कमी काळात फेरी मारणारे, काही तर ताऱ्याच्या फिरण्याच्या उलट दिशेने फिरणारे गुरू सापडले. हे ग्रह जन्मले लांब आणि आत आले, यावर बहुतेकांचे एकमत आहे. तबकडीतून हळूहळू सरकत आले की दुसऱ्या एखाद्या जड सोबत्याच्या ओढीने लांबट कक्षेत ढकलले जाऊन मग आत स्थिरावले, यावर नाही.

२००६ मध्ये सापडलेल्या अशाच एका ग्रहाला २०१९ मध्ये भारतातून नाव दिले गेले: तारा ‘बिभा’, एका भारतीय भौतिकशास्त्रज्ञ स्त्रीच्या नावावरून, आणि ग्रह ‘संतमस’. ग्रहाचे नाव पुण्यातल्या एका शाळकरी मुलाने सुचवले होते. संतमस २.१ दिवसांत फेरी मारतो. त्याचे अधिक्रमण आपल्याला दिसत नाही, त्यामुळे दीड गुरू या त्याच्या वस्तुमानाआधी ‘किमान’ लिहावेच लागते.