जमीन युरोपात, लढाई जेरुसलेमात: क्रुसेडसाठी पैसा कसा उभा राहिला

इसवी सन १०९६ मध्ये नॉर्मंडीच्या ड्यूक रॉबर्टने आपला अख्खा मुलूख धाकट्या भावाकडे गहाण टाकला. हा भाऊ म्हणजे इंग्लंडचा राजा विल्यम रूफस. रक्कम ठरली १०,००० मार्क चांदी. मार्क हे नाणे नव्हते, ते हिशेबाचे माप होते. एका मार्कात १६० पेनी धरत. म्हणजे रूफसने रॉबर्टला द्यायची होती १६ लाख चांदीची नाणी. एक पेनी साधारण १.४ ग्रॅमची, तेव्हा एकूण वजन सव्वादोन टनांच्या आसपास जाते. एवढी चांदी राजाच्या तिजोरीतही पडून नव्हती. रूफसने इंग्लंडभर दर हाइडमागे ४ शिलिंग जमीनपट्टी बसवली. हाइड म्हणजे सारा आकारण्याचे एकक, आणि नेहमीचा दर २ शिलिंगांच्या घरात असे. मठाधिपतींनी तक्रार केली, तरी देवळातली चांदीची पात्रे आणि सोन्याचांदीचे मढवलेले पत्रे उतरवून वितळवावे लागले.

पहिल्या क्रुसेडचा हा व्यवहार सर्वांत मोठा असला तरी वेगळा नव्हता. पोप अर्बन दुसरा याने नोव्हेंबर १०९५ मध्ये फ्रान्सच्या क्लर्मों इथे जेरुसलेम मुसलमानांकडून सोडवण्याची, म्हणजेच क्रुसेडची, हाक दिली आणि पुढच्या वर्षभरात पश्चिम युरोपात शेकडो लहानमोठे सरदार याच पेचात सापडले. त्यांची सगळी संपत्ती जमिनीत होती. धान्य, द्राक्षे, वेठ, गिरणीचा हक्क, मासेमारीचा हक्क हे सगळे गावातच खर्ची पडणारे उत्पन्न. प्रवासाला मात्र रोकड हवी. घोडा, चिलखत, ओझ्याची जनावरे, नोकर, जहाजाचे भाडे, वाटेतले धान्य यांचा हिशेब धरून इतिहासकार असा अंदाज करतात, की एका शिलेदाराला या मोहिमेसाठी चार-पाच वर्षांच्या उत्पन्नाइतकी रक्कम एकरकमी लागे. जमिनीची चांदी कशी करायची, हा क्रुसेडच्या अर्थकारणाचा मूळ प्रश्न आहे. पोपची फर्माने, सरदारांची दाने आणि राजांचे कर ही सगळी त्याच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे आहेत. ती समजली नाहीत तर लढायांच्या तारखा पाठ करून फारसे काही हाती लागत नाही.

चांदी होती ती मुख्यतः मठांकडे. म्हणून गहाणखते झाली तीही बहुतेक मठांशी. आचार्ड द माँमेर्ल या सरदाराचे १२ एप्रिल १०९६ चे खत आजही उपलब्ध आहे. त्याने वडिलोपार्जित जमीन क्लुनीच्या मठाकडे ठेवली आणि बदल्यात ल्यों शहराच्या चलनातले २००० सू आणि ४ खेचरे घेतली. खेचरे रोख रकमेइतकीच मोलाची होती, कारण सगळेच निघालेले असताना ओझ्याच्या जनावरांचे भाव चढलेले असत. जमीन सोडवून घेण्याचा हक्क फक्त आचार्डला, दुसऱ्या कुणालाही नाही. तो वाटेत मेला किंवा तिकडेच राहिला तर जमीन कायमची मठाची. जून १०९९ मध्ये जेरुसलेमचा वेढा चालू असताना जाफाच्या वाटेवर तो मारला गेला आणि अट लागू झाली.

असे गहाण दोन प्रकारचे असे. एकात जमीन सावकाराच्या ताब्यात जाई आणि तिचे उत्पन्न मुद्दलातून वजा होत जाई. हे ‘जिवंत’ गहाण. दुसऱ्यात ताबा तसाच सावकाराकडे, पण उत्पन्न सगळे त्याचे, मुद्दल एका पैशानेही कमी होत नाही. हे ‘मेलेले’ गहाण, आणि मॉर्गेज या शब्दाचा मूळ अर्थही तोच. आपल्या कब्जेगहाणाशी याचे नाते लगेच लक्षात येईल. चर्चने व्याजाला पाप ठरवले होते, पण दुसऱ्या प्रकारच्या गहाणात पीक हेच व्याज असते. मठ ते वर्षानुवर्षे खात होते. अखेर ११६३ मध्ये तूर इथल्या धर्मसभेत पोप अलेक्झांडर तिसरा याने धर्मगुरूंना असे गहाण घ्यायला मनाई केली. उत्पन्नातून मुद्दल आणि खर्च फिटला, की जमीन मालकाला परत द्यायची, असा नियम झाला.

खत टिकवणे हे खत करण्याहून कठीण. दाता समुद्रापार गेला की त्याचा भाऊ, भाचा, जावई उभा राही आणि म्हणे, मला विचारले कुणी? म्हणून मठाचे लेखनिक नातेवाइकांची संमती नावानिशी लिहून घेत. पाळण्यातल्या मुलाचेही नाव घालत. संमतीच्या बदल्यात भावाला काही नाणी, बायकोला एखादा दागिना किंवा अंगरखा असे काहीतरी दिले जाई आणि तेही खतात नोंदले जाई. दान प्रत्यक्ष दिसावे म्हणून जमिनीचे ढेकूळ किंवा सुरी वेदीवर ठेवत. पुढे दोन पक्षांसाठी एकाच चामडी पत्रावर मजकूर दोनदा लिहून मध्ये मोठ्या अक्षरांत एक शब्द काढत आणि त्या शब्दावरूनच नागमोडी कापत. वाद झाला की दोन तुकडे जुळवून पाहायचे. एवढी काळजी घेऊनही दावे होतच राहिले. मठांनी दुसऱ्या पिढीला पुन्हा पैसे मोजून दावा सोडवून घेतल्याच्या नोंदी भरपूर आहेत.

पोपने या व्यवहारात पहिल्यांदा स्पष्ट हात घातला तो डिसेंबर ११४५ मध्ये. युजीन तिसरा याच्या फर्मानात तीन आर्थिक कलमे होती: क्रूस घेतलेल्याने, म्हणजे क्रुसेडला जायची शपथ घेतलेल्याने, आधीच्या कर्जावर व्याज द्यायचे नाही, व्याजाची शपथ घेतली असेल तर त्यातून तो मोकळा, आणि नातेवाईक किंवा धनी पैसे द्यायला तयार नसतील किंवा समर्थ नसतील, तर त्यांना कळवून जमीन चर्चकडे वा इतर कुणाकडे गहाण टाकता येईल. तिसरे कलम सर्वांत महत्त्वाचे, कारण सरदाराची जमीन बहुधा वरच्या धन्याकडून सेवेच्या अटीवर मिळालेली असे. ती त्याला मन मानेल तशी परक्याच्या हाती देता येत नसे. पहिल्या दोन कलमांत मात्र मला एक उघड धोका दिसतो. बुडणाऱ्या व्याजावर पुढचे कर्ज कोण देणार?

गहाण ही एका माणसाची एका फेरीची सोय झाली. पण जेरुसलेम ११ वर्षे टिकवायचे की १०० वर्षे, हे ठरत होते कायमच्या उत्पन्नावर. ते उभे केले लष्करी संघांनी, म्हणजे धर्माचे व्रत घेऊन लढणाऱ्या शिलेदारांच्या संघटनांनी. हॉस्पिटलर संघाला पोप पास्कल दुसरा याने १११३ मध्ये मान्यता आणि संरक्षण दिले. टेम्प्लर संघाला ११२९ मध्ये त्र्वा इथल्या सभेत मान्यता मिळाली आणि दानांचा ओघ सुरू झाला. आंजूचा काउंट फुल्क याने त्याआधीच दरसाल ३० लिव्र (फ्रान्सचे हिशेबी चलन) लावून दिले होते. इंग्लंडच्या राणी मटिल्डाने ११३७ मध्ये एसेक्समधले क्रेसिंगचे गाव दिले. ती जेरुसलेमचा पहिला ख्रिस्ती शासक गॉडफ्रे याची पुतणी. स्वतः गॉडफ्रेनेही निघताना बुय्योंचा किल्ला लिएजच्या बिशपकडे ठेवून चांदी उचलली होती आणि बिशपने ती देवस्थानांचे मढवलेले पत्रे सोलून जमवली होती. स्पेनमधल्या आरागोनचा निपुत्रिक राजा आल्फोन्सो पहिला याने तर ११३१ च्या मृत्युपत्रात सगळे राज्यच टेम्प्लर, हॉस्पिटलर आणि जेरुसलेमच्या पवित्र समाधीचे चर्च यांना तीन वाट्यांत देऊन टाकले. सरदारांनी ते मानले नाही. ११४३ मध्ये तडजोड झाली: टेम्प्लरांना मोन्झोनसारखे किल्ले, राज्याच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा आणि पुढे जिंकल्या जाणाऱ्या जमिनीचा पाचवा.

अशा विखुरलेल्या तुकड्यांचे काय करायचे? इथे एक शेत, तिथे अर्धी गिरणी, कुठे आठवडे बाजाराचा कर. टेम्प्लरांनी आसपासची दाने एका ठाण्याखाली आणली. मोक्याच्या जमिनी विकत घेऊन किंवा अदलाबदल करून सलग केल्या आणि बाकी खंडाने लावल्या. ११८५ मध्ये त्यांनी इंग्लंडमधल्या सगळ्या मालमत्तेची पाहणी करून कोणत्या गावी किती कुळे, किती खंड, कोणती वेठ हे लिहून काढले. क्रेसिंगला तेराव्या शतकात बांधलेली जवाची आणि गव्हाची दोन प्रचंड लाकडी कोठारे अजून उभी आहेत. प्रत्येक ठाण्याने ठोकळ मानाने उत्पन्नाचा एक तृतीयांश पूर्वेकडे पाठवायचा, असा दंडक होता. वसंतात आणि शरदात निघणाऱ्या जहाजांच्या तांड्यांतून चांदी, कापड, घोडे, माणसे जात.

पोपने या संघांना जे दिले ते जमिनीहून मोलाचे होते. मार्च ११३९ च्या फर्मानाने इनोसंट दुसरा याने टेम्प्लरांना लूट स्वतःकडे ठेवण्याचा हक्क, स्वतःचे धर्मगुरू आणि आपल्या जमिनीवरच्या दशमांशातून सूट दिली. दशमांश म्हणजे प्रत्येक पिकाचा दहावा भाग, जो एरवी चर्चला जाई. एक दहांश खर्च वाचला, म्हणजे तेच शेत संघाच्या हाती शेजाऱ्यापेक्षा अधिक पिकते. ११४४ मध्ये सेलेस्टीन दुसरा याने आणखी एक सवलत दिली: टेम्प्लरांना दरसाल मदत करणाऱ्याच्या प्रायश्चित्ताचा सातवा हिस्सा माफ, आणि बंदी घातलेल्या गावातली चर्चेसही वर्गणीसाठी वर्षातून एकदा उघडायची मुभा. बिशपांचा संताप समजण्यासारखा आहे. त्यांनी शिक्षा म्हणून बंद केलेले देऊळ वर्गणीवाले येऊन उघडणार! ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन सभेने अशा सवलतींच्या गैरवापराला आळा घालायचा प्रयत्न केला.

११८७ मध्ये हत्तीनच्या लढाईत क्रुसेडरांचे सैन्य बुडाले, जेरुसलेम सुलतान सलादिनच्या हाती गेले आणि दानावर भागणार नाही हे स्पष्ट झाले. ११८८ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्सच्या राजांनी उत्पन्नाचा आणि जंगम मालाचा दहावा हिस्सा मागितला. हाच सलादिन कर. इंग्लंडमध्ये वसुली गावच्या चर्चमध्ये होई. समोर तिथला पाद्री, एक टेम्प्लर, एक हॉस्पिटलर, राजाचा माणूस, सरदाराचा माणूस आणि बिशपचा कारकून. शिलेदाराची शस्त्रे, घोडे, कपडे आणि पाद्र्यांची पुस्तके यांना सूट. कुणी कमी सांगितले असे वाटले तर गावातली चार किंवा सहा विश्वासू माणसे शपथेवर आकडा सांगत. स्वतः क्रूस घेणाऱ्याला कर नाही, उलट आपल्या जमिनीतला दशमांश त्यालाच मिळणार. साहजिकच पुष्कळांनी क्रूस घेतला. फ्रान्समध्ये विरोध इतका झाला, की पुढच्याच वर्षी राजा फिलिपला कर मागे घ्यावा लागला.

पोप इनोसंट तिसरा याने ११९९ मध्ये वेगळी वाट धरली. धर्मगुरूंनी उत्पन्नाचा चाळिसावा हिस्सा द्यायचा, स्वतः पोप दहावा देणार. सामान्य लोकांसाठी प्रत्येक चर्चमध्ये पोखरलेल्या लाकडाची पेटी. तिला तीन किल्ल्या: एक बिशपकडे, एक पाद्र्याकडे, एक गावातल्या श्रद्धाळू गृहस्थाकडे. तिघे एकत्र आल्याशिवाय पेटी उघडणार नाही. १२१५ मध्ये धर्मगुरूंवरचा दर तीन वर्षांसाठी विसावा झाला आणि १२७४ च्या ल्यों सभेत सहा वर्षांसाठी दहावा. या शेवटच्या वसुलीसाठी सगळा ख्रिस्ती युरोप २६ विभागांत वाटला आणि वर्षाला दोन हप्ते ठरले, नाताळ आणि २४ जून. कागदावर ही योजना अप्रतिम होती. अडली ती चलनापाशी. ग्रीनलंडहून आलेला दशमांश होता बैलांची कातडी, सीलची कातडी आणि वॉलरसचे सुळे. हा माल योग्य भावाने खपत नाही, असे नॉर्वेच्या आर्चबिशपने रोमला कळवले आणि १२८२ मध्ये पोप मार्टिन चौथा याने उत्तर दिले, की तो विकून सोने किंवा चांदी करा. तोवर योजना आखणारा पोप ग्रेगरी दहावा मरून सहा वर्षे झाली होती. मोहीम निघालीच नाही, जमलेला पैसा भलतीकडे गेला.

अंदाज चुकला तर काय होते, हे चौथ्या क्रुसेडसाठी जहाजे पुरवण्याच्या १२०१ च्या व्हेनिस कराराइतके स्वच्छ कुठेच दिसत नाही. घोड्यामागे ४ मार्क, माणसामागे २. शिलेदार ४,५००, तितकेच घोडे, ९,००० सेवक आणि २०,००० पायदळ. घोड्यांचे १८,०००, माणसांचे ६७,०००, एकूण ८५,००० मार्क. व्हेनिसने जहाजे वेळेत बांधली. आले साधारण एक तृतीयांश लोक. प्रत्येकाने खिसे झाडले तरी ३४,००० मार्क कमी पडले. ती बाकी फेडायला मुदत मिळावी म्हणून या सैन्याने १२०२ मध्ये झारा हे ख्रिस्ती शहर व्हेनिससाठी जिंकून दिले.

पैसा पूर्वेला पोचला तरी तो कुणाचा, हा प्रश्न उरे. १२५० मध्ये इजिप्तमध्ये कैद झालेल्या फ्रान्सच्या राजा लुई नवव्याच्या खंडणीचा पहिला हप्ता २ लाख लिव्र होता. नाणी मोजली नाहीत, तराजूने तोलली आणि तोलायला दोन दिवस लागले. ३०,००० कमी पडले. टेम्प्लरांच्या जहाजावर पेट्या भरलेल्या होत्या, पण त्यांचा अधिकारी म्हणाला, या लोकांच्या ठेवी आहेत, ठेवीदाराखेरीज कुणाला न देण्याची आम्ही शपथ घेतली आहे. तोडगा काढला संघाच्याच मार्शलने: आम्ही देऊ शकत नाही, पण तुम्ही बळजबरीने घेऊ शकता, तुमच्या अक्रा बंदरातल्या ठेवीतून आम्ही भरून घेऊ. राजाचा सरदार ज्वांव्हिल याने कुऱ्हाड उचलली, ‘ही राजाची किल्ली’ म्हणाला, आणि खरी किल्ली पुढे आली.

एवढे सगळे जाई कुठे? १२४० पासून टेम्प्लरांनी गॅलिलीत साफेदचा किल्ला पुन्हा बांधला. त्या काळच्या वृत्तांतानुसार पहिल्या अडीच वर्षांत किल्ल्याचे स्वतःचे उत्पन्न सोडून ११ लाख बेझंट (सोन्याची नाणी) गेले आणि त्यानंतर दरसाल ४०,०००. शांततेत रोज १,७०० माणसे जेवत, युद्धात २,२००. त्यांत संघाचे शिलेदार केवळ ५०. बाकी तिरंदाज, हलके घोडेस्वार, मजूर, ४०० गुलाम. वर्षाला १२,००० खेचरांचे ओझे होईल इतके गहू आणि जव लागत. १२६६ मध्ये इजिप्तचा सुलतान बैबर्स याने किल्ला घेतला.

१२९१ मध्ये क्रुसेडरांचे अक्राही पडले, पण युरोपातल्या जमिनी जागेवरच होत्या. १३१२ मध्ये पोप क्लेमेंट पाचवा याने टेम्प्लर संघ रद्द करून त्याची मालमत्ता हॉस्पिटलरांना दिली. फ्रान्सच्या राजाने ती सोडण्यासाठी २ लाख लिव्र मागून घेतले. इंग्लंडमध्ये मूळ दात्यांचे वंशज पुढे आले आणि म्हणाले, दान ज्यांना दिले ते उरले नाहीत, जमीन आमच्या घरी परत आली. तिथल्या जमिनी हॉस्पिटलरांच्याच आहेत, हे कायद्याने ठरायला १३२४ साल उजाडले, आणि त्यानंतरही अनेक गावांचे ताबे मिळायला त्यांना वर्षानुवर्षे भांडावे लागले.