नांगराच्या मुठीपासून प्रकल्पवहीपर्यंत

परीक्षा जवळ आली की शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात मुलं चित्रांचे तक्ते मागायला येतात. 'प्रदूषण' द्या, 'तापमानवाढ' द्या, 'वृक्षतोड' द्या. तक्त्यावर धूर ओकणारं धुरांडं, भेगाळलेली जमीन, बर्फाच्या तुकड्यावर एकटं अस्वल. ते कापायचं, वहीत चिकटवायचं, खाली चार ओळी उतरवायच्या आणि बाईंची सही घ्यायची. ज्या मुलाच्या वस्तीवर चैत्र-वैशाखात टँकर येतो, त्याच्या वहीतही तेच अस्वल असतं. टँकर नसतो.

2021 मध्ये 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ' या नियतकालिकात 10 देशांतल्या 16 ते 25 वयाच्या 10,000 तरुणांची पाहणी छापून आली. त्यात भारतही होता. चारांतल्या तिघांनी सांगितलं की पुढचा काळ भीतिदायक वाटतो. ही मुलं शाळेत पर्यावरण शिकलेली पिढी आहे, म्हणून या आकड्याची झळ शिक्षकांना जास्त लागली. संकट तर खरं आहे, ते लपवायचं नाही. पण पोराच्या खांद्यावर नुसतं ओझं टाकून वर्ग सोडायचा का? आज अनेक शिक्षक हाच प्रश्न घेऊन बसले आहेत. आपल्याकडे त्याचं उत्तर शोधण्याची परंपरा जुनी आहे. ती मध्येच कुठे सुटली, ते पाहण्यासाठी बरंच मागे जावं लागतं.

19 ऑक्टोबर 1882 रोजी जोतीराव फुल्यांनी इंग्रज सरकारने शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो, हे त्यांनी त्यात बजावून सांगितलं. निवेदनातला हा भाग सगळ्यांना ठाऊक असतो. त्यातली आणखी दोन वाक्यं मला फार मोलाची वाटतात. प्राथमिक शाळेचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत, म्हणजे वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला ते लाजणार नाहीत, हे एक. आणि खेड्यातल्या शाळेत शेतीचे धडे प्रत्यक्ष देता यावेत म्हणून एक छोटं नमुना शेत असावं, हे दुसरं. पुढच्याच वर्षी लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये त्यांनी जंगलखात्याने गोरगरिबांची गायरानं आणि डोंगर बळकावल्याबद्दल कोरडे ओढले. पाऊस जिरावा, माती वाहून जाऊ नये म्हणून ताली-बंधारे घालायला सांगितलं, तेही त्याच पुस्तकात. माती वाचवणं आणि माणसाला न्याय मिळणं या त्यांच्या लेखी दोन गोष्टी नव्हत्याच.

त्याच्याही आधी, 1855 मध्ये, 'ज्ञानोदय' या नियतकालिकात मुक्ता साळवे हिचा निबंध आला. मांग समाजातली ही मुलगी फुल्यांच्या शाळेत शिकत होती. तिने मांग-महारांची दुःखं लिहिली. त्यातलं एक असं, की आमच्या स्त्रिया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परसुद्धा नसतं; थंडी, पाऊस, वारा यांनी त्यांचे काय हाल होत असतील, हे आपल्या अनुभवावरून विचार करून पाहा. हवामानाचा मार कुणावर पडतो, ही गोष्ट एका शाळकरी मुलीने इतकी नेमकी मांडली होती. पण निबंध रडगाण्यावर थांबत नाही. शेवटी ती आपल्या लोकांना ज्ञानाचं औषध घ्यायला सांगते. दुःखाला नाव द्यायचं, त्याचं कारण शोधायचं आणि आपल्या हातात काय आहे ते सांगायचं, ही सगळी चढण तिने एका निबंधात पार केली.

22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिकवायच्या गांधीजींच्या 'नयी तालीम'ला आकार आला. अभ्यासक्रमासाठी झाकीर हुसेन यांची समिती नेमली गेली. सेवाग्रामला आर्यनायकम् आणि आशादेवी यांनी तशी शाळा प्रत्यक्षात उभी केली. टकळीवर सूत काढायचं. त्या सुताची लांबी मोजताना गणित, कापसाच्या निमित्ताने जमीन आणि पाऊस, विणकराचा धंदा कसा बुडाला यातून इतिहास. ज्यांच्या कैक पिढ्या राबण्यात गेल्या, त्यांनी विचारलं, 'आमच्या पोरांनी शाळेतही राबायचं का?' तो आक्षेप रास्त होता, आणि मला वाटतं, त्याला कुणी नीट उत्तर दिलं नाही. शहरातल्या शाळांत आठवड्याला कार्यानुभवाचा एखादा तास उरला, एवढंच. सेवाग्रामची शाळाही पुढे बंद पडली. 2005 मध्ये 'आनंद निकेतन' या नावाने ती पुन्हा सुरू झाली.

हाच धागा ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर (आता पालघर) ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हाती घेतला होता. 1945 मध्ये बोर्डीला सुरुवात झाली, नंतर कामाने कोसबाडच्या टेकडीवर मुक्काम केला. वारली मुलं शाळेत येत नाहीत, कारण ती गुरं राखतात आणि धाकटी भावंडं सांभाळतात. मग शाळाच गुरांमागे कुरणात गेली, ती कुरणशाळा. महागड्या माँटेसरी साहित्याऐवजी बिया, शिंपले, खडे आले. मूल शाळेला येत नाही म्हणून त्याला नावं न ठेवता, शाळेने कुठे जायला हवं हे या बायांनी पाहिलं.

मग 'पर्यावरण' हा शब्द पाठ्यपुस्तकात वेगळ्याच दारातून आला. पर्यावरणावरची 1972 ची स्टॉकहोम परिषद, पर्यावरण शिक्षणावरची 1977 ची तिबिलिसीची परिषद, आपलं 1986 चं राष्ट्रीय शिक्षण धोरण. 1991 मध्ये वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं आणि 2003 मध्ये त्याची अंमलबजावणी करवून घेण्यासाठी पुन्हा आदेश दिले. हेतू चांगलाच होता. पण जो विषय सक्तीचा होतो त्याला गुण लागतात, गुण आले की वही येते, आणि वही आली की तक्ता. वाटेत न्यायाची बाजू गळून पडली. नदी 'प्रदूषित होते' असं, करणाऱ्याचं नाव न घेता, लिहायला मुलं शिकली. ती कोण करतं आणि ते पाणी कोण पितं, हे वाक्यात बसेना.

त्याच काळात दुसरीकडे वेगळी कामं चालू होती. 1972 मध्ये मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या 16 सरकारी शाळांत प्रयोग करत विज्ञान शिकायला सुरुवात झाली, पुढे ते जिल्हाभर पसरलं. 2002 मध्ये सरकारने ते बंद केलं, याचं वाईट वाटतं. आपल्याकडे नर्मदेच्या काठी, अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरात, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला चिमलखेडीपासून जीवनशाळा सुरू झाल्या. सरकारी शाळा कागदावर होती, म्हणून लोकांनी आपली काढली. 'लडाई पढाई साथ साथ' ही तिथली घोषणा. सरदार सरोवर धरणाच्या पाण्यात गाव बुडणार हे त्या मुलांना चित्रातून समजावून सांगायची गरज नव्हती. पाणी दारापर्यंत येत होतं. तरीही तिथे पाढे होते, गाणी होती, आपल्या बोलीतले धडे होते, वर्षाकाठी बालमेळावा होता. संकटाच्या तोंडाशी बसून मुलं हसतखेळत शिकू शकतात याचा याहून मोठा दाखला मला ठाऊक नाही. मोठी माणसं हात बांधून बसलेली नाहीत, हे तिथलं मूल रोज पाहत होतं.

2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी 'परिसर आणि शिक्षण' या विषयावर जो गट नेमला, त्याचे अध्यक्ष पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ होते. मुलांच्या प्रकल्पातून आपल्या भोवतालची खरी माहिती गोळा व्हावी आणि ती सगळ्यांसाठी खुली असावी, असा त्यांचा आग्रह. म्हणजे वही शिक्षकांच्या कपाटात न जाता गावाच्या कामाला यावी.

याला फार सामग्री लागत नाही. शाळेच्या गळक्या नळाखाली 200 मिलीचा पेला ठेवायचा. दहा मिनिटांत भरला, तर तासाला 1.2 लीटर, दिवसाला जवळपास 29 लीटर. गणिताचा तास इथे संपतो. दुसऱ्या दिवशी मुलांनी घरून विचारून यायचं: पाणी कोण भरतं, किती लांबून, किती हंडे, आणि कुठल्या आळीला नळ आधी आला? फळ्यावर रकाने आखले की बहुतेक वेळा 'कोण भरतं' या रकान्यात आई, ताई, आजी असेच शब्द एकाखाली एक उतरत जातात. वर्गातल्या मुली तो रकाना आधी वाचतात. तिसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीला अर्ज लिहायचा, तारीख घालून, आकड्यांसकट, आणि पोच घ्यायची. पोचेवरचा शिक्का मुलं आळीपाळीने हातात घेऊन पाहतात.