चित्राशेजारचा एक शब्द

अमेरिकेत येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात 'एमएस ४०८' नावाने नोंदलेलं एक हस्तलिखित आहे. विल्फ्रिड व्हॉयनिच या जुन्या ग्रंथांच्या व्यापाऱ्याने ते १९१२ साली इटलीत मिळवलं, म्हणून ते व्हॉयनिच हस्तलिखित. कार्बन चाचणीनुसार त्याचं चर्मपत्र १४०४ ते १४३८ या काळातलं. त्याची लिपी दुसरीकडे कुठेच सापडत नाही आणि सर्वमान्य ठरेल असं एका ओळीचंही वाचन अजून झालेलं नाही.

लिपी अडली की माणूस चित्रांकडे वळतो. या हस्तलिखितात चित्रांची रेलचेल आहे: झाडं, सुटी मुळं, औषधाच्या बरण्या, तारे, राशिचक्र. त्यांतल्या कितीतरी चित्रांशेजारी एकेकटे शब्द लिहिलेत. चित्र ओळखलं, तर शेजारचं नाव कळेल आणि नावातून अक्षरं उलगडतील, अशी आशा कुणालाही वाटेल.

एका पानावर कृत्तिकांसारखा सात ताऱ्यांचा पुंजका आहे. २०१४ मध्ये स्टीफन बॅक्स या भाषाशास्त्रज्ञाने त्याच्याजवळचा शब्द 'टॉरस', म्हणजे वृषभ, असा वाचला. कृत्तिका वृषभेतच असल्यामुळे ते पटण्यासारखं होतं. कोथिंबिरीसह काही वनस्पतींची नावंही त्यांनी सुचवली. एकूण दहाच शब्द, आणि तेही तात्पुरते, असं ते स्वतः सांगत. अडचण पुढे येते. तीच अक्षरमूल्यं, म्हणजे कोणत्या अक्षराचा कोणता उच्चार हे, बाकीच्या मजकुराला लावली, तर अर्थ लागणारी वाक्यं मिळत नाहीत. अक्षराला मूल्य चित्रावरून दिलं आणि ते बरोबर आहे याचा पुरावाही त्याच चित्रातून घेतला, तर पडताळणीला काही उरतच नाही.

खरी पडताळणी कशी असते ते प्राचीन ग्रीक भाषेसाठी वापरलेल्या लिनिअर बी या लिपीत दिसलं. मायकेल व्हेंट्रिस यांनी १९५२ मध्ये तिची अक्षरमूल्यं ठरवली. १९५३ मध्ये पुरातत्त्वज्ञ कार्ल ब्लेगेन यांनी ग्रीसमधल्या पायलॉस इथे निघालेल्या एका मातीच्या पाटीला ती लावून पाहिली. तीन पायांच्या भांड्याशेजारी 'ति-रि-पो', म्हणजे ग्रीकमध्ये तिपाई, उमटलं. चार कानांच्या, तीन कानांच्या आणि बिनकानाच्या भांड्यांशेजारचे शब्दही तसेच जुळले. ही पाटी मूल्यं ठरवताना वापरलेलीच नव्हती, म्हणून तिची साक्ष मोलाची.

व्हॉयनिचमध्ये एखादा तारा ओळखण्यापेक्षा सगळे सुटे शब्द एकत्र ठेवून पाहणं मला जास्त फलदायी वाटतं. राशींच्या पानांवर ताऱ्यांसह वर्तुळात उभ्या असलेल्या स्त्रियांच्या सुमारे ३०० आकृत्या आहेत आणि जवळपास प्रत्येकीला स्वतःचा शब्द. त्यांतले पुष्कळसे शब्द गोल 'ओ'सारख्या अक्षराने सुरू होतात आणि त्यामागे बऱ्याचदा उंच, दोन पायांचं अक्षर येतं. अल्तायर, अल्देबरान या ताऱ्यांच्या नावांत अरबी 'अल' असतं, तसलंच काही असेल का? पण मुळांशेजारच्या शब्दांतही हाच 'ओ' वारंवार दिसतो. ताऱ्यांची आणि मुळांची नावं इतकी सारखी का सुरू व्हावीत, याचं उत्तर कोणत्याही उलगड्याला द्यावंच लागेल.

आणखी एक कसोटी हस्तलिखितातच आहे. बरण्यांजवळ काढलेले काही छोटे वनस्पती-भाग आधीच्या पानांवरच्या मोठ्या चित्रांशी मिळतेजुळते आहेत. छोट्या चित्राशेजारचा शब्द जर वनस्पतीचं नाव असेल, तर तो मोठ्या चित्राच्या पानावरही यायला हवा. भरवसा ठेवावा अशी जुळणी अजून हाती लागलेली नाही. म्हणून कुणी नवा उलगडा जाहीर केला, की मी आधी हीच पानं काढून बघते.