डेल्सफर्ड : वॉरन हेस्टिंग्जने परत मिळवलेली वडिलोपार्जित जमीन

इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायरच्या पूर्व सीमेजवळ डेल्सफर्ड हे लहानसे गाव आहे. बंगालचा पहिला गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्या घराण्याकडे येथील जमीन मध्ययुगापासून होती. परंतु सतराव्या शतकातील यादवी युद्धात घराण्याने राजाचा पक्ष घेतला, त्यात बरीच संपत्ती गेली, आणि १७१५ साली ही मालमत्ता नाइट घराण्याला विकावी लागली. १७३२ साली शेजारच्या चर्चिल गावी वॉरनचा जन्म झाला, तेव्हा त्याचे आजोबा डेल्सफर्डच्या चर्चचे धर्मगुरू होते. गाव तेच राहिले, मालकी मात्र परक्यांची झाली होती. वयाच्या सातव्या वर्षी ओढ्याकाठी पडल्या पडल्या आपण ही जमीन परत मिळवण्याचा निश्चय केला, असे हेस्टिंग्ज उतारवयात सांगत असे.

ईस्ट इंडिया कंपनीचा साधा नोकर म्हणून तो १७५० साली बंगालला आला आणि १७७२ साली तेथील गव्हर्नर झाला. मराठी वाचकाला तो परिचित आहे तो पहिल्या इंग्रज-मराठा युद्धामुळे आणि महादजी शिंदे यांच्या मध्यस्थीने १७८२ साली झालेल्या सालबाईच्या तहामुळे. याच वर्षांत कंपनीला मराठे, फ्रेंच आणि हैदरअली अशा अनेक शत्रूंशी झुंजावे लागले, तिजोरी रिकामी झाली, आणि ती भरण्यासाठी हेस्टिंग्जने बनारसचा राजा चैतसिंह याच्याकडे ठरलेल्या खंडणीपलीकडे वर्षाला पाच लाख रुपये मागितले. शेवटी बनारस सोडावे लागलेल्या चैतसिंहाने ग्वाल्हेरला शिंद्यांचा आश्रय घेतला आणि तेथेच १८१० साली त्याचे निधन झाले.

हेस्टिंग्ज १७८५ साली मायदेशी परतला. १७८८ साली त्याने डेल्सफर्ड विकत घेतले आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये त्याच्यावरील महाभियोगाची सुनावणी सुरू झाली. चैतसिंहाची पिळवणूक आणि अवधच्या बेगमांचा खजिना लुटवणे हे ब्रिटिश संसदसदस्य एडमंड बर्क यांनी मांडलेल्या आरोपांतील प्रमुख होते. लंडनमध्ये भारतातील कारभाराचा हिशेब मागितला जात असतानाच डेल्सफर्डला वास्तुविशारद सॅम्युअल पेपिस कॉकरेल याच्या आराखड्यानुसार नवा वाडा उभा राहत होता, ही गोष्ट या वास्तूच्या इतिहासात मला सर्वांत महत्त्वाची वाटते. १७९३ च्या सुमारास पुरे झालेल्या या वाड्याला बसका घुमट आहे, आणि शिल्पकार टॉमस बँक्स याने तेथील शेकोटीच्या संगमरवरी चौकटीवर भारतीय दृश्ये कोरली. मुर्शिदाबादचा नवाब मीर जाफर याची विधवा मणिबेगम हिच्याकडून भेट मिळालेले हस्तिदंती फर्निचरही येथे मांडलेले होते. हिमालयापलीकडून आणवलेला एक याकसुद्धा हेस्टिंग्जने पाळला होता आणि चित्रकार जॉर्ज स्टब्जकडून त्याचे चित्र काढून घेतले होते.

१७९५ साली तो निर्दोष सुटला, पण खटल्यापायी त्याचे सुमारे ७० हजार पौंड खर्च झाले होते. कंपनीने वर्षाला ४,००० पौंडांचे निवृत्तिवेतन आणि ५० हजारांचे बिनव्याजी कर्ज दिले, म्हणूनच वाडा त्याच्या हाती टिकला. म्हणजे खरेदीनंतरही डेल्सफर्डचा भार पुन्हा कंपनीच्याच पैशावर पडला, आणि तो पैसा कोठून येत होता हे वेगळे सांगायला नको. १८१८ साली हेस्टिंग्ज वारला. त्याला गावच्या चर्चजवळ पुरले.

१८३७ मध्ये पत्नी मेरियन वारल्यानंतर मालमत्ता तिच्या पहिल्या विवाहातील मुलाकडे गेली आणि १८५३ साली हरमन ग्रिसवुड याने ती विकत घेतली. त्याच्या काळात चर्चही नव्याने बांधले गेले. विसाव्या शतकात वृत्तपत्रसमूहाचे मालक लॉर्ड रॉदरमियर आणि नंतर कलासंग्राहक बॅरन थिसेन-बोर्नेमिसा हे येथील धनी झाले. १९८८ पासून वाडा बॅमफर्ड कुटुंबाकडे आहे. त्यांच्याच जेसीबी कंपनीची पिवळी यंत्रे पुण्याजवळच्या तळेगावातही तयार होतात, आणि डेल्सफर्डच्या शेतात आता सेंद्रिय पिके घेतली जातात.