होमस्टेवाल्यांनो, चहाचं मशीन घेऊ की नको? (आमच्या दुकानाचं माहितीपत्रक)

राम राम मंडळी,

अजिंठ्याच्या वाटेवर, पाटणादेवीच्या बाजूला, तोरणमाळला, यावल-रावेरकडच्या केळीच्या मळ्यांत आता बऱ्याच जणांनी घरातल्या दोन-चार खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केलीय, कोणी निवास व न्याहारी योजनेत रीतसर नाव नोंदवून तर कोणी नुसते फोटो ऑनलाइन टाकून. आणि दुकानात आले की सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, भाऊ ते चहाचं मशीन दाखवा ना, रूममध्ये काय ठेवू, पाहुणे रिव्ह्यूमध्ये लिहितात चहाची सोय नव्हती म्हणून. काउंटरवर उभं राहून घाईत सांगितलं की अर्धं राहून जातं, म्हणून हे छापलंय. घरी नेऊन निवांत वाचा, मग खरेदीला या.

निकाल आधीच सांगून टाकतो. रूममध्ये साधी केटली ठेवणं परवडतं, पण फक्त पाण्यासाठी. चांगला थर्मास तर घ्याच घ्या. आणि ते बटण दाबलं की कपात चहा पडतो ते प्रीमिक्सचं (म्हणजे चहा, दूध, साखर एकत्र केलेल्या तयार पावडरचं) मशीन चार-पाच खोल्यांच्या घराला नको. आम्ही ते विकतो, तरी सांगतोय.

मुळात हे खूळ आलं कुठून

रूममध्ये ट्रे, त्यात केटली, दोन कप, टी बॅगा, दुधाच्या पुड्या, बिस्किटं, ही पद्धत मूळ इंग्लंडातल्या घरगुती लॉजांची. तिकडे तर १९३०च्या दशकापासून टीसमेड नावाचं यंत्र मिळायचं, गजराचं घड्याळ आणि चहाचं यंत्र एकातच, पलंगाशेजारी ठेवायचं, सकाळी ठरल्या वेळी आतलं पाणी आपोआप उकळणार, वाफेच्या दाबाने नळीतून शेजारच्या किटलीत जाणार, त्यात पत्ती आधीच टाकलेली, आणि मग गजर वाजणार. डोकं भारी लावलंय यात वाद नाही. पण लक्षात घ्या तिकडचा चहा म्हणजे पत्तीवर उकळतं पाणी ओतायचं, थोडं थांबायचं आणि वरून जरासं गार दूध. आपला चहा तसा होतच नाही, आपल्याला आलं ठेचून पाण्यात उकळायचं, पत्ती साखर टाकायची, दूध घालून परत दोन उकळ्या आणायच्या, भगोनं वर येतं तेव्हा सांडशीने उचलून धरायचं. ही सगळी उपकरणं त्यांच्या चहासाठी बनलीत, त्यामुळे केटलीतून टपरीसारखा कडक चहा मिळेल ही अपेक्षा ठेवून कोणी घेऊ नका, नंतर आमच्याशी भांडायला येता.

मग केटली कशाला?

तुमच्या झोपेसाठी. जळगाव भुसावळला रात्री-बेरात्री गाड्या येतात, पाहुणा पहाटे साडेतीनला उतरतो, रिक्षा करून चार वाजता तुमच्या दारात. त्याला चहा लागतो आणि तुम्हाला झोप. खोलीत केटली, चार टी बॅगा, साखर आणि दुधाचं छोटं टेट्रापॅक असलं की तुम्ही किल्ली देऊन परत पडू शकता. दुसरं म्हणजे अजिंठ्याला जाणारे जपान, थायलंड, श्रीलंकेकडचे पाहुणे. यातल्या पुष्कळांना आपला दुधाचा गोड चहा एकदा मजा म्हणून चालतो, रोज नको असतो, स्वतःच्या पुड्या सोबत असतात, हवं असतं फक्त गरम पाणी. ग्रीन टी असेल तर एकदम खळखळतं पाणी ओतलं की कडू होते, उकळल्यावर झाकण उघडून तीन-चार मिनिटं थांबायचं, एवढं त्यांना सांगावं लागत नाही पण तुमच्या पोराला सांगून ठेवा. तिसरं, लहान बाळ सोबत असलेली मंडळी, रात्री दोनला दुधाची बाटली धुवायला गरम पाणी मागतात.

खर्च म्हणाल तर काहीच नाही. एक लिटर पाणी उकळायला जेमतेम ०.१ युनिट लागतं, युनिटचा दर आठ-दहा रुपये धरला तरी एक रुपया. गॅसवर तेवढंच पाणी उकळायला साधारण दहा ग्रॅम गॅस जातो, म्हणजे फार फरक नाहीच. त्यामुळे "लाइटबिल वाढेल" म्हणून केटली टाळू नका, टाळायची तर वायरिंगसाठी टाळा, ते खाली सांगतो.

आता महत्त्वाचं. केटलीत पाहुणे काय काय करतात हे ऐकलं तर हसाल. मॅगी करतात, अंडी उकडतात, आणि हमखास दूध तापवतात. दूध तळाला चिकटतं, करपतं, मग फेस वर येऊन खाली बेसमध्ये उतरतो आणि केटली गेली. आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या केटल्यांमध्ये जळक्या दुधाच्याच जास्त असतात आणि कंपनी त्याला वॉरंटीत धरत नाही. म्हणून झाकणावरच मराठी हिंदी इंग्रजीत मोठ्या अक्षरात "फक्त पाणी" असा स्टिकर लावा, आमच्याकडे केटलीसोबत फुकट मिळतो. अजून एक, झाकण उघडं ठेवून केटली चालू केली तर ती आपोआप बंद होत नाही. आत वाफेवर चालणारा स्विच असतो, वाफ त्याच्यापर्यंत पोचली की तो खट्कन पडतो, झाकण उघडं असेल तर वाफ वरच्या वर निघून जाते आणि पाणी आटेपर्यंत उकळत राहतं. बरेच जण "केटली खराब निघाली" म्हणून परत घेऊन येतात, खराब काही नसतं.

घेताना आतून पूर्ण स्टीलची घ्या, तोंड एवढं रुंद हवं की हात आत घालून घासता आलं पाहिजे. काचेची दिसायला छान असते, निळा लाइट लागतो, फोटोत मस्त येते, पण आपल्या पाण्यात आठ दिवसांत काच पांढरी पडते.

पाणी, पाणी, पाणी

यावल रावेर चोपडा पट्ट्यात आणि बाकी खानदेशातही बोअरचं पाणी किती जड असतं ते तुम्हाला काय सांगायचं, गिझरच्या कॉइलवर थर बघितलाच असेल. तेच केटलीत होतं. पाणी उकळलं की त्यातला कॅल्शियम मॅग्नेशियमचा क्षार तळाला बसतो, थर जाड झाला की पाणी उकळायला वेळ लागतो, कॉइल जास्त तापून लवकर जाते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याचे पांढरे पापुद्रे पाहुण्याच्या कपात तरंगतात. तो बिचारा समजतो केटली धुतलेलीच नाही. बिनदुधाच्या चहावर जो तेलकट तवंग दिसतो तोही बहुतेक वेळा याच पाण्यामुळे, पत्तीचा दोष नसतो.

उपाय स्वस्त आहे. केटलीसाठी आरओ फिल्टरचं पाणी (साधा फिल्टर क्षार काढत नाही) भरून ठेवायचं, खोलीत जग ठेवून त्यावर लिहायचं, नाहीतर पाहुणा बाथरूमच्या नळाचंच भरतो. आणि पंधरवड्याने किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्व एक-दोन चमचे अर्ध्या केटली पाण्यात टाकून उकळायचं, अर्धा तास तसंच राहू द्यायचं, ओतून दोनदा साधं पाणी उकळून फेकायचं. चाकूने खरवडायचं नाही, तारेची घासणी तर अजिबात नाही.

वायरिंग बघितल्याशिवाय केटली नेऊ नका

हा भाग कंटाळवाणा आहे पण कृपा करून वाचा. १५०० वॅटची केटली साडेसहा अँपिअर ओढते. भिंतीतलं बारक्या पिनचं सॉकेट ६ अँपिअरचं असतं. म्हणजे ही केटली जाड पिनच्या १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावायची. लोक काय करतात, जाड पिन बारक्या सॉकेटला बसवायचा कन्व्हर्टर घेतात, नाहीतर टीव्हीच्या एक्स्टेन्शन बोर्डला लावतात, आणि मग बोर्ड वितळतो. खोलीत जाड पिनचं सॉकेट एसीसाठीच असेल आणि दुसरं बसवायचं नसेल तर १००० वॅटची छोटी केटली घ्या, दोन-तीन मिनिटं जास्त लागतील, बिघडलं काय? जुनी धाब्याची घरं आहेत त्यांनी आधी अर्थिंग तपासून घ्या, ओल्या हाताने स्टीलची केटली धरणारा माणूस तुमचा पाहुणा आहे.

मळ्यातल्या घरांना व्होल्टेजचा त्रास असतो. २३० ऐवजी १८० व्होल्ट येत असतील तर १५०० वॅटची केटली सव्वानऊशे वॅटचंच काम करते, चार मिनिटांचं पाणी साडेसहा मिनिटांवर जातं. केटली बिघडत नाही त्याने, पाहुणा वैतागतो. आणि घरच्या साध्या इन्व्हर्टरवर केटली चालणार नाही, लाइट गेली की केटली बंद हे गृहीत धरा. तोरणमाळवाल्यांनी तर केटलीच्या भरवशावर राहूच नका, थंडीत पाहुणा भरपूर आणि लाइटचा भरवसा कमी. तिथे उंचीमुळे पाणीही ९६ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे चहाला दोन उकळ्या जास्त द्या, मग पत्तीचा रंग पाण्यात नीट येतो.

इंडक्शन शेगडीबद्दलही विचारतात. ओट्यावर किंवा ओसरीत पाहुण्यांसमोर चहा करायला छान आहे, धूर नाही वारा लागत नाही, फक्त तुमचं जुनं ॲल्युमिनियमचं किंवा पितळेचं भगोनं त्यावर तापणार नाही. तळाला लोहचुंबक लावून बघा, चिकटला तर चालेल.

प्रीमिक्स मशीन: कोणी घ्यावं, कोणी नाही

मशीनमध्ये एक पाण्याची टाकी असते ती दिवसभर गरम राहते, वर पावडरचा डबा, बटण दाबलं की दोन्ही मिसळून कपात. एक किलो प्रीमिक्समध्ये साधारण ७०-८० कप होतात. आता हिशोब तुम्हीच करा, तीन खोल्या, सहा माणसं, सकाळ-संध्याकाळ मिळून बारा कप, तेही शनिवार-रविवारी. सोमवारी अजिंठ्याच्या लेण्या बंद असतात, म्हणजे त्या बाजूच्या लोकांना रविवारी रात्रीही पाहुणा कमीच. उरलेला आठवडा मशीन झाकून ठेवलेलं, डब्यातली पावडर पावसाळ्यात ओल धरते, गठ्ठे होतात, आतला स्क्रू अडकतो, आणि रोजच्या रोज गरम पाणी सोडून नळ्या धुतल्या नाहीत तर आंबूस वास येतो तो वेगळाच. दहा-बाराच्या वर खोल्या असतील, शाळेच्या सहली नाहीतर लग्नाची वऱ्हाडं उतरत असतील, दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेसाठी पूर्ण घर भरत असेल तर बोला, आम्ही भाड्यानेही देतो तेवढ्या दिवसांसाठी. बाकीच्यांनी पैसे खोलीतल्या गादीवर घालावेत.

आणि खरं सांगू का, पुण्या-मुंबईचा माणूस ऑफिसात रोज तोच मशीनचा चहा पितो. तो इकडे आला की त्याला तुमच्या घरच्या गॅसवरचा चहा पाहिजे, सोबत काकूंच्या हातचे पोहे नाहीतर कळण्याची भाकर आणि ठेचा. तो रिव्ह्यूमध्ये मशीनचं नाव लिहिणार नाही.

थर्मास

यात मात्र कंजुषी नको. दोन भिंतींच्या मध्ये हवा काढलेला, पूर्ण स्टीलचा, दीड-दोन लिटरचा घ्या, खोल्या जास्त असतील तर खाली नळ असलेला मोठा. आधी त्यात उकळतं पाणी भरून पाच मिनिटं ठेवायचं, ओतून द्यायचं, मग चहा भरायचा, त्याने चहा बराच जास्त वेळ गरम राहतो. चहा गाळूनच भरायचा, पत्ती आत राहिली की कडू होत जातो. तरी दुधाचा चहा दीड-दोन तासांत संपवायच्या बेताने करा, त्यानंतर गरम असतो पण चव जाते. चहाचा आणि पाण्याचा थर्मास वेगळा ठेवा, नाहीतर जपानी पाहुण्याला आल्याच्या वासाची ग्रीन टी मिळेल.

मोठा घाणा करताना दोन गोष्टी. ओलं आलं पाण्यातच आधी चांगलं उकळून घ्या आणि मग दूध, कच्चं आलं थेट दुधात गेलं की दूध फाटतं. गुळाचा चहा असेल तर गूळ गॅस बंद केल्यावर सगळ्यात शेवटी, मशीनमध्ये तर हा चहा जमतच नाही आणि पाहुणे नेमका हाच मागतात. सुरत-नंदुरबारकडून जैन मंडळी येतात त्यांना आलं घालण्याआधी विचारा, ओलं आलं बरेच जण घेत नाहीत, सुंठ चालते.

ट्रेमध्ये ताजं दूध ठेवू नका, आपल्या मे महिन्यात ४५ अंशांत ते दुपारपर्यंतही टिकत नाही. न फोडलेलं टेट्रापॅक फ्रिजशिवाय राहतं. दूधपावडरच्या पुड्या ठेवणार असाल तर पाकिटावर बघा, काहींत साखर आधीच असते, शुगरवाला पाहुणा फसतो. साखर झाकणाच्या डबीत, मुंग्यांचं वेगळं सांगायला नको.

दुकानात येताना एवढं करा: खोलीतल्या सॉकेटचा मोबाइलवर फोटो काढून आणा, जाड पिन बारीक पिन दिसेल असा, घरचं बोअरचं पाणी बाटलीत आणा, आम्ही इथे मशीनवर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार किती ते, बघून देतो, त्याचे पैसे नाहीत. जुनी केटली बंद पडली असेल तर फेकू नका, बरेचदा बेसची पिन नाहीतर स्विच बदलून चालू होते. दूध जळालेली असेल तरी आणा, फक्त घासून आणा.