क्रीडास्पर्धेतील दुश्चिंता आणि तिचे मापन

स्पर्धेत आपली पारख होणार आणि आपण कमी पडू, या धास्तीतून खेळाडूच्या मनात व शरीरात उमटणारी अस्वस्थता म्हणजे क्रीडास्पर्धेतील दुश्चिंता. तिची उद्दीपनाशी गल्लत होते. उद्दीपन म्हणजे शरीर-मनाला आलेली जाग. ती आनंदातही वाढते. दुश्चिंतेत तिला धोक्याचा अर्थ चिकटलेला असतो.

मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पीलबर्गर यांनी स्वभावातली दुश्चिंता आणि प्रसंगापुरती दुश्चिंता असा भेद रूढ केला. त्याच्या आधारे रेनर मार्टेन्स यांनी १९७७ मध्ये ‘स्कॅट’ (स्पोर्ट कॉम्पिटिशन अँक्झायटी टेस्ट) ही खास क्रीडाक्षेत्रासाठीची चाचणी मांडली. ती स्वभाव मोजते. तिच्या १५ विधानांपैकी १० विधानांनाच गुण असतात, उरलेली ५ चाचणीचा रोख लपवण्यासाठी घातलेली आहेत. एकूण गुण १० ते ३० यांदरम्यान येतात. ‘मला भीती वाटते’ असे लिहून देणे खेळाडूला सहसा रुचत नाही; ही आडवाट त्यासाठीच.

प्रासंगिक दुश्चिंतेसाठी मार्टेन्स व सहकाऱ्यांची ‘सीएसएआय-२’ (कॉम्पिटिटिव्ह स्टेट अँक्झायटी इन्व्हेंटरी-२) ही प्रश्नावली (१९९०) सर्वाधिक वापरली गेली. तिच्यात २७ विधाने असून मनातली काळजी, शारीरिक लक्षणे आणि आत्मविश्वास यांना प्रत्येकी ९ विधाने दिली आहेत. काळजी आणि शारीरिक लक्षणे वेगळी मोजण्याला कारण आहे. काळजी स्पर्धेच्या कित्येक दिवस आधीपासून ठाण मांडून बसते. धडधड, तळव्यांचा घाम, पोटातला गोळा ही लक्षणे मात्र सुरुवात जवळ येताच उसळतात आणि खेळ सुरू झाला की बहुधा ओसरतात. म्हणून प्रश्नावली कधी भरून घेतली, हे नोंदवल्याशिवाय आकड्याला फारसा अर्थ उरत नाही. पुढे संख्याशास्त्रीय त्रुटी दिसल्याने २००३ मध्ये या प्रश्नावलीची १७ विधानांची सुधारित आवृत्ती आली.

तरी मुख्य अडचण राहतेच. सारखेच गुण मिळालेल्या दोघांपैकी एकाला छातीतली धडधड ‘मी तयार आहे’ असे सांगते, तर दुसऱ्याला ‘आता संपलं’ असे. ग्रॅहम जोन्स यांनी म्हणूनच तीव्रतेबरोबर दिशाही विचारायला सुरुवात केली: हे लक्षण तुम्हाला साथ देते की आड येते? युरी हानिन तर दुश्चिंतेची सर्वांसाठी एकच योग्य पातळी असते हेच मानत नाहीत. त्यांच्या मते ज्या पातळ्यांदरम्यान खेळ उत्तम होतो, तो पट्टा प्रत्येक खेळाडूचा निराळा. उद्दीपनाबरोबर कामगिरी आधी चढते आणि मग हळूहळू उतरते, असे सांगणारा उलट्या ‘यू’चा परिचित आलेखही इथे तोकडा पडतो. ल्यू हार्डी यांच्या प्रतिमानानुसार काळजी मोठी असताना उद्दीपन एका मर्यादेपलीकडे गेले, की कामगिरी हळूहळू उतरत नाही. ती एकदम कोसळते, आणि उद्दीपन जरासे कमी केल्याने लगेच सावरतही नाही.

हृदयगती, त्वचेची विद्युतवाहकता, लाळेतील कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक यांची मोजमापेही घेतली जातात. पण धावण्याच्या तयारीनेही हृदयगती वाढते. ती वाढ काळजीची की सरावाची, हे यंत्राला कळत नाही. शिवाय मैदानात उतरायला पाच मिनिटे उरली असताना २७ प्रश्न कोण सोडवणार? अशा वेळी काळजी, शरीरातला ताण आणि आत्मविश्वास यांसाठी प्रत्येकी एकच मोजपट्टी असलेली ‘मेंटल रेडिनेस फॉर्म’ ही छोटी प्रश्नावली सोयीची ठरते.